महालक्ष्मीचा जपानी मुलगा

डोणगावच्या अन्नपूर्णाबाईंचं पत्र आलं तेव्हा गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांची बोळवण होऊन आठवडाही झाला नव्हता. आता यंदाचा पोळा झाला, बैलांच्या शिंगांवरचा रंग उडायला लागला, तरी लोणारच्या वामनरावांनी त्या पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं.

विसरले असते तर गोष्ट वेगळी होती. पण पत्र त्यांना तोंडपाठ होतं. निळ्या अंतर्देशीयावर कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘आमच्या घरी महालक्ष्म्यांपुढे जो मुलगा बसतो तो आमच्या मालकांनी लढाईच्या आधी नांदुऱ्याहून आणला. त्याच्या पोटावर ढोल आहे. पाठीत बारीक छिद्र आहे. अंगाला कापराचा वास येतो. मी म्हणते तो देव आहे. माझी धाकटी जाऊ मंजुळाबाई म्हणते ते खेळणं आहे, आणि खेळण्याला नैवेद्य दाखवणार असाल तर पुढच्या साली मी जेवायला येणार नाही. आमच्यात आजवर महालक्ष्मीचं जेवण कधी दोन चुलींवर झालं नाही. आपण बाहुल्यांतले जाणकार आहात असं ऐकते. काय ते कळवावं. आपण लिहाल ते दोघी मानू.’

‘जाणकार’ या शब्दाशी वामनराव दर वेळी अडखळत. नगर वाचनालयात त्यांनी उभं आयुष्य पुस्तकं दिली-घेतली, पण वाचकाने ‘हे पुस्तक चांगलं आहे का हो?’ असं विचारलं की ते ‘बघा वाचून’ म्हणत आणि चष्मा पुसत. स्वतःचं मत स्वतःजवळ ठेवावं, दुसऱ्याला त्याचा त्रास देऊ नये, असा त्यांचा स्वभाव. मत फक्त एका गोष्टीत होतं, आणि ती सांगायची सोय नव्हती. म्हातारपणी हा माणूस बाहुल्या गोळा करत होता.

साध्यासुध्या बाहुल्या नव्हेत. गोष्टीतल्या पात्रांसारखी दिसणारी, चावी दिली की हात-पाय हलवणारी, लढाईच्या आधी बोटीने आलेली जपानी खेळणी. डोळे मोठाले, गाल गोबरे, कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या हाती पंखा. जत्रेत, रद्दीवाल्याकडे, कुणाच्या माळ्यावर सापडली की ते पिशवीत लपवून घरी आणत. वाचनालयाने मोडीत काढलेलं काचेचं कपाट त्यांनी घरी आणलं होतं, त्यात ती विषयवारीने उभी असत. प्रत्येकीच्या तळपायाला पुस्तकासारखी क्रमांकाची चिठ्ठी. पारखायची रीतही त्यांची नि अब्दुल गनी घड्याळजींची ठरलेली. अंगठ्याने पाठ घासायची नि वास घ्यायचा. कापराचा वास आला म्हणजे अस्सल सेल्युलॉईड. मग बगलेखालची शिवण पाहायची, डोळे हाताने रंगवलेत की ठशाने ते पाहायचं, स्प्रिंग पाहायची, आणि आण्यांत गुण द्यायचे. बाजारात नवे पैसे येऊन किती वर्षं झाली, पण बाहुली अजून आण्यांतच मोजली जाई. सोळा आणे म्हणजे काही म्हणजे काही उणं नाही. सोळा आणे अजून कुणाला मिळाले नव्हते.

मिळाले असते एकीला. मधल्या फळीवर हातात झांजा घेतलेली एक मुलगी उभी होती. रंग जसाच्या तसा, चावी शाबूत. पण ती जोडीतली होती. तिच्या शेजारी ढोल वाजवणारा मुलगा असायला हवा होता, तो वामनरावांना कुठेच सापडला नव्हता. म्हणून तिला बारा आणे.

आणि म्हणूनच पत्राचं उत्तर जात नव्हतं. पोटावर ढोल, पाठीत चावीचं छिद्र, अंगाला कापराचा वास! पहिल्याच वाचनात वामनरावांना कळलं होतं की डोणगावात महालक्ष्मीचा मुलगा म्हणून पुजला जातो तो कोण. ‘खेळणं आहे’ असं लिहावं तर त्या बाईचा देव जातो. शिवाय मनात खोल कुठेतरी एक चोर बसलेला: देव गेला की बाहुली मोकळी होते, आणि मोकळी झालेली बाहुली आपल्या कपाटात येऊ शकते. म्हणजे आपलं मत खरं की लोभाचं? ‘देव आहे’ असं लिहावं तर ते खोटं. त्यांनी पुष्कळ कागद लिहिले, पुष्कळ फाडले. एकदा पाकिटावर पत्ताही घातला. मग पत्त्यातलं अक्षर बरं आलं नाही म्हणून ते पाकीटही फाडलं.

पोळ्यानंतरच्या सोमवारी झांजवाल्या मुलीच्या सांध्यांना तेल घालून घ्यायला ते गनीच्या दुकानात गेले. बसस्टँडजवळचं टपरीवजा दुकान. भिंतीवर बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. गनी डोळ्याला भिंग लावून बसला होता.

“या वामनभाऊ. लेकीले आणलं का?”

“आणलं. गनीभाई, एक विचारायचं होतं. म्हणजे तसं काही नाही.”

“तसं काही नाई म्हंता तवा हमेशा मोठं काहीतरी असते.”

वामनरावांनी पहिल्यांदाच पत्राची हकीकत सांगितली. देव आणि खेळणं, खरं आणि लोभ, सगळं. गनी ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने भिंग काढलं.

“वामनभाऊ, म्हालक्षुम्यापुढं समया राह्यते ना हो?”

“राहतात. दोन्ही बाजूंना.”

“आन तो पोरगा कुठी बसते?”

“मध्ये, पुढे.” एवढं म्हणून वामनराव थांबले.

गनीने खणातून एका मोडक्या बाहुलीचा हात काढला, चिमट्यात धरला नि काडी लावली. फुर्रकन एवढा मोठा जाळ झाला की गनी स्टुलासकट मागे सरकला. हात होता तिथे काळा धूर नि कापराचा वास. गनीची डावी भुवई अर्धी राहिली होती.

“पाह्यलं?” भुवई चाचपत तो म्हणाला. “सेल्युलॉईड हाय ते! वरतून कापसाच्या वस्त्रमाळा, नवी पातळं, कागदाची आरास. तुमी वर्षभर देव का खेळणं, देव का खेळणं करून राह्यले. तिकडं बाईचं घर जळन ना बापा!”

वामनराव उठून उभे राहिले. वर्षभर त्यांनी देवाचा विचार केला होता, खेळण्याचा केला होता, स्वतःच्या लोभाचा तर रोज केला होता. समईचा एकदाही केला नव्हता.

“आजच पत्र टाकतो.”

“पत्र? तुमचं पत्र जाईस्तोवर म्हालक्षुम्या येऊन जातीन. उद्या सकाळच्या गाडीनं निघाचं. मी बी येतो. मले तो पोरगा पाहाचाच हाय.”

घरी वामनरावांच्या पत्नी केसरबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “आवो, एका कागदाचं काम होतं. त्या बाईनं काय तुमचं पुस्तक मांगतलं होतं का, परत येनार नाई म्हनून भेव वाटाले?” मग त्यांनी डब्यात भाकरी नि ठेचा बांधून दिला, आणि वर बजावलं, “तिथं जाऊन बोला मात्र. नाईतर चष्मा पुसत बसान.”

लोणारहून मेहकर, मेहकरला गाडी बदलून डोणगाव. वाटेत गनी कंडक्टरपासून शेळीवाल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना भुवईची कथा सांगत होता, आणि दर वेळी जाळ थोडा मोठा होत होता. वामनराव खिडकीपाशी बसून मनात वाक्यं जुळवत होते. ‘बाई, आपण ज्याला देव मानता.’ नको. ‘बाई, आपला मुलगा ज्वालाग्राही आहे.’ हे तर अजिबातच नको.

अन्नपूर्णाबाईंचं घर गावात कुणीही दाखवलं असतं. त्यांचे पती उकंडराव गेल्यावर धाकट्या दिराशी वाटणी झाली होती. अंगणाच्या मधोमध नवी भिंत उभी होती, पण भिंतीत येण्याजाण्यापुरतं दार ठेवलेलं होतं. ओसरीवर चार-पाच बाया डाळ निवडत होत्या. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. पितळी समया चिंचेने घासून उन्हात उलट्या ठेवलेल्या. त्या पाहूनच वामनरावांनी पाऊल उचललं.

“मी वामनराव. लोणारहून. आपलं पत्र—”

अन्नपूर्णाबाई उंच, रुंद, कपाळ मोकळं असलेली बाई. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी वामनरावांना वरून खालपर्यंत पाहिलं.

“तुमीच का ते बाहुल्यावाले? माय वं! मले वाटलं तुमी वारले!”

“मी?”

“वर्षभर जवाब नाई. म्या म्हनलं, भला मानूस असन, जिवंत असता तं चार ओळी लिवल्या असत्या. म्या तं हळहळली बी तुमच्यासाठी. हो का नाई वं कलाबाई?”

डाळ निवडणाऱ्या कलाबाईंनी मान डोलावली. “एक दिस जेवली बी नाई धडाची.”

गनीला हसू आवरेना. आपल्यामागे कुणी एका वेळचं जेवण टाकलं होतं हे कळल्यावर काय म्हणतात ते वामनरावांना सुचेना, म्हणून ते म्हणाले, “आभारी आहे.”

चहा झाला. मग अन्नपूर्णाबाईंनी आतून पेटी आणली, रेशमी फडकं उलगडलं, आणि मुलगा पाटावर बसवला.

तोच होता. वामनराव पाहतच राहिले. जरीचं अंगडं, कानटोपी, गळ्यात बारीक मण्यांची माळ, कपाळाला अष्टगंध. पण टोपीखालून ते मोठाले काळे डोळे पाहत होते, जसे त्यांच्या कपाटातल्या मुलीचे पाहतात तसेच. भावाबहिणीचे डोळे.

“अंगडं काढावं लागेल,” वामनराव हळूच म्हणाले. “पाठ पाहायची आहे.”

“परक्या मानसासमोर?” अन्नपूर्णाबाईंनी मुलाला पदराआड घेतलं. “इतक्या सालांत घरच्या मानसांनी पाह्यलं नाई.”

“बाई, डाक्टरपाशी काढाच लागते,” गनी म्हणाला. “पोरगा लहान हाय. लाजाचं काय त्याच्यात?”

हे पटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने अंगडं काढलं नि तोंड दुसरीकडे फिरवलं. वामनरावांनी मुलगा तळहातावर घेतला. अंगठ्याने पाठ घासली, वास घेतला. कापूर. ओसरीवरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कलाबाईंनी हात जोडले. पाठीवर अष्टगंधाच्या थराखाली इंग्रजी अक्षरं, पुसट पण सलग. शिवण अखंड. डोळे हाताने रंगवलेले, पापणीचा केसन् केस वेगळा. डाव्या गालाला एवढासा पोचा. बाकी तो आजच दुकानातून निघावा असा होता. वामनरावांच्या मनातला चोर उठून बसला. हा मुलगा आपल्या मुलीशेजारी उभा राहिला तर सोळा आणे! या जिल्ह्यात, कदाचित साऱ्या महाराष्ट्रात, कुणाकडे नसतील.

“कमाल हाय,” छिद्राला भिंग लावून गनी म्हणाला. “इस्प्रिंगले गंज नाई. बाई, याले तेल देता का हो कोनी?”

“आंघोळ घालाच्या आधी तेल लावतोच ना लेकराले? तिळाचं. गरम करून.”

“मंग बरोबर. मी येवढी घड्याळं दुरुस्त करतो, एकाबी गिऱ्हाइकानं कधी इतक्या नेमानं तेल घातलं नाई.”

तेवढ्यात भिंतीतल्या दारातून एक ठेंगणी, चुणचुणीत बाई आली, पदर खोचलेला, हाताला पीठ. या मंजुळाबाई हे सांगावं लागलं नाही.

“आले का जानकार? म्या पंधरा वेळा जाऊबाईले म्हनलं, तो मानूस येत नाई. बरं, सांगा मास्तर. देव का बाजार?”

वामनरावांचा हात चष्म्याकडे गेला. मग केसरबाई आठवल्या नि तो खाली आला.

“जपानात बनलेला आहे,” ते म्हणाले. “कारखान्यात. खेळणं म्हणूनच बनलेला आहे.”

“ऐका!” मंजुळाबाईंनी टाळी वाजवली, पीठ उडालं. “ऐकलं सगळ्यांनी? भासरेबुवा, जाऊबाईचे मालक, कापूस इकाले गेले, लेकरासाठी खेळणं आनलं, आन जाऊबाईनं त्याले पाटावर बसोलं! यंदा म्या शाडूचा नवा मुलगा आनते. हे मास्तरालेच देऊन टाका. घेऊन जा हो मास्तर, तुमाले कामाचं हाय.”

मुलगा वामनरावांच्या हातातच होता. मागितल्यावाचून, एक शब्द खोटं न बोलता, तो त्यांना मिळाला होता. पिशवी खांद्याला होती. नुसता आत ठेवायचा होता.

अन्नपूर्णाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचं ते एवढंसं अंगडं उचललं आणि घडी घालायला लागल्या. ज्याच्या चार घड्या पडणार नाहीत अशा कापडाच्या त्या घड्या घालत होत्या.

“आणि,” वामनराव म्हणाले. “आणि याला इथे बसवाल तेव्हा समईपासून दूर बसवा. चांगला चार हात. आरतीचं तबकसुद्धा याच्याजवळून फिरवू नका. हा चटकन पेटतो. तेच सांगायला आलो होतो.”

गनीने आपली अर्धी भुवई पुढे करून सगळ्यांना दाखवली. “हे पाहा. नुसत्या हातानं झालं. पोरगा सगळा पेटला तं घर राहाचं नाई.”

अन्नपूर्णाबाईंचे हात थांबले. “इथं बसवाल तवा, म्हनले ना तुमी?”

“दिव्याले भेनारा देव कोनं पाह्यला हो?” मंजुळाबाई कडाडल्या.

“अवं, लेकरू हाय ते!” अन्नपूर्णाबाई एकदम ताठ झाल्या. “म्हालक्षुमीचं लेकरू! लेकराले कोनी दिव्यापाशी बसवते का? तुह्या इंद्रभानले तू चुलीपाशी जाऊ देत होती का? देव हाय म्हनून का तो जन्मल्याबरोबर म्हातारा झाला?”

ओसरी खदखदून हसली. कलाबाई सुपातली डाळ सांडेपर्यंत हसल्या.

“म्हनजे आमचीच चुकी झाली,” अन्नपूर्णाबाई मुलाला परत घेत वामनरावांना म्हणाल्या. “इतके साल लेकराले दोन समयांच्या मधात बसोलं. बरं झालं तुमी सांगतलं.”

“पन खेळणं ते खेळणंच!” मंजुळाबाई मागे हटेनात. “मास्तरनंच सांगतलं.”

“लेकराचं रूप घ्याचं तं खेळण्यात नाई घेनार तं काय जात्यात घेनार?”

वामनराव ऐकत होते. या वादाच्या दोन्ही बाजू त्यांनी वर्षभर कागदावर मांडून पाहिल्या होत्या, आणि एकही इतकी सरळ उभी राहिली नव्हती.

एवढ्यात गनीचा धीर संपला. खिशातून त्याने चाव्यांचा जुडगा काढला, एक लावून पाहिली, दुसरी लावली, ती बसली. “बाई, फकत एक डाव,” म्हणत त्याने तीन पेच दिले आणि मुलगा पाटावर ठेवला.

तडतड तडतड ढोल वाजायला लागला. काठ्या वर-खाली, वर-खाली, आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी. नाही, नाही, नाही. बाया उठून उभ्या राहिल्या. अन्नपूर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. मग त्या वाकल्या नि अगदी लाडाने म्हणाल्या,

“काय रे बाळा? यंदा तुही काकू जेवाले येनार नाई का रे?”

नाही, नाही, नाही, मुलाने मान हलवली.

“हा कोन सांगनारा?” मंजुळाबाई पाटासमोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात. “काऊन नाई येनार मी? सासूच्या म्हालक्षुम्या हायत, तुह्या एकल्याच्या नाई! माह्या हातच्या आंबिलीबगर कधी निवद झाला का या घरात? येईन! फुलोराबी मीच बांधीन! पाहाते कोन नाई म्हन्ते!”

स्प्रिंग संपली. ढोल थांबला, मान डावीकडे अर्ध्यातच राहिली. आपण काय बोलून बसलो हे मंजुळाबाईंच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि उगाच कलाबाईंवर ओरडल्या, “काय पाहून राह्यली वं? डाळ निवड!”

सगळं इथेच आटोपलं असतं आणि वामनराव चारच्या गाडीने सुखरूप घरी गेले असते. पण गनी खुशीत आला होता.

“बाई, याची जोडीची बहीन वामनभाऊपाशीच हाय. झांजा वाजोते. अशीच.”

अन्नपूर्णाबाईंची मान सावकाश वळली. महालक्ष्म्यांपुढे लेकरं दोन लागतात, एक मुलगा नि एक मुलगी. त्यांच्याकडची मुलगी लाकडाची, नाक झिजलेली. ती मुलाच्या खांद्याएवढीही नव्हती.

“बहीन? कुठी हाय?”

“कपाटात,” वामनराव म्हणाले.

“एकटी?”

“बाकीचे आहेत. पंखेवाली आहे. एक तलवारवाला.”

“तलवारवाल्यापाशी पोरगी ठेवली!”

“पायाले नंबर बी चिकटवला हाय,” गनीने भर घातली.

“म्हालक्षुमीची लेक,” अन्नपूर्णाबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या, “तुमी नंबर लावून कपाटात कोंडली, आन भाऊ इथं एकटा ढोल वाजवते. वामनभाऊ, तीन दिस म्हालक्षुम्या माहेरी येतात. त्याईच्या लेकीले आनान का नाई?”

मुलगा मिळावा म्हणून ज्याचा वर्षभर जीव झुरला तो माणूस आता मुलगी जाते की काय म्हणून घामाघूम झाला. बसचे धक्के. बायांची गर्दी. लेकरांचे हात. समया! “मी, मी विचार करून लिहितो,” ते म्हणाले.

पुन्हा ओसरी हसली, आणि या वेळी सर्वांत मोठ्याने मंजुळाबाई. “लिवतो म्हन्ते! जाऊबाई, आता पुढल्या साली याईच्यासाठी पुन्हा उपास धरा!” मग बोट उगारून त्या म्हणाल्या, “पन लिवाच मास्तर. म्या तोंडचं मानत नाई. देव का खेळणं ते कागदावर पाह्यजे, आन पोरगी येते का नाई ते बी.”

परत येताना मेहकरला गाडी बदलली तेव्हा गनी एवढंच म्हणाला, “चुकलं माहं, वामनभाऊ. जीभ घसरली.” आणि थोड्या वेळाने, “पन जोडी कशी दिसन ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले. मुलगी झांजा उंचावून उभी होती. आपण तिला कशासाठी जपतो? कुणी पाहू नये म्हणून तर कपाट आतल्या खोलीत ठेवलं होतं. डोणगावच्या मुलाला दर वर्षी तेल, गरम पाणी, नवं अंगडं. त्याच्या डोळ्यांचा रंग मुलीच्या डोळ्यांपेक्षा ताजा होता, हे त्यांनी काल पाहिलं होतं आणि गनीला सांगितलं नव्हतं.

त्यांनी फळीवरून मुलगी काढली आणि वाटीत कोमट पाणी घेतलं.

“काय करून राह्यले?” केसरबाईंनी दारातून विचारलं.

“चिठ्ठी काढतोय. पायाची.”

केसरबाई पाहत राहिल्या. या कपाटाशी त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता. “कोन्या रंगाचं शिवू?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“अंगडं! लोकाच्या घरी उघडी धाडता का पोरीले?”

मग वामनराव लिहायला बसले. आधीच्यासारखाच पहिला कागद फाडला. दुसरा मात्र फाडला नाही, कारण आतून कात्रीचा आवाज येत होता आणि ‘झालं का?’ असं विचारलं जात होतं.

‘श्रीमती अन्नपूर्णाबाई यांस, आपल्या पत्राचं उत्तर द्यायला वर्ष लागलं. मुलगा जपानी आहे. कारखान्यात खेळणं म्हणून बनलेला आहे. गालाला पोचा आहे आणि चावी हरवलेली आहे, म्हणून चौदा आणे. ही किंमत नव्हे, आमची मोजायची रीत आहे. इतका चांगला सांभाळलेला दुसरा मी पाहिलेला नाही. खेळणं पारखायची रीत मला येते. देव पारखायची येत नाही, तेव्हा त्याबद्दल आपण दोघी म्हणाल ते खरं. हे मंजुळाबाईंना वाचून दाखवावं. समई चार हात दूर. महालक्ष्म्या येतील त्या दिवशी सकाळच्या गाडीने मुलगी घेऊन मी येतो, आणि बोळवणीनंतर तिला परत नेतो. तिच्या डाव्या हाताची झांज सैल आहे. तिला तेल लावावं, पण फार गरम नको.’

पोस्टासमोर पेटी उघडून पोस्टमन रंगराव टपाल पिशवीत भरत होता. वामनराव पाकीट हातात धरून उभे राहिले.

“टाकून राह्यले का, वामनराव?”

“हो. म्हणजे, रंगराव, एखाद्याला वाटलं की चौदाऐवजी साडेचौदा लिहायला हवं होतं, तर टाकलेलं पत्र परत मिळतं का?”

“पेटीत पडलं की सरकारचं.” रंगरावने पिशवी पुढे केली. “अन् हातात राह्यलं की तुमचं. लवकर करा, गाडी चुकन.”

वामनरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पत्त्यातलं ‘डोणगाव’ जरा वाकडंच आलं होतं. त्यांनी ते पिशवीत टाकलं.